आधी पत्ता, मग पाव्हणा

आमच्या भाचीनं माझ्या डाव्या तळपायावरून किल्ली ओढली आणि घरात महाभारत सुरू झालं. किल्ली आडतीच्या तिजोरीची होती, हा माझा आक्षेप. आईचा आक्षेप धर्माचा होता. आमच्याकडं भाचीनं मामाच्या पायाला हात लावायचा नसतो, मामानंच भाचीच्या पाया पडायचं असतं. आई देवघरातून ओरडली, "अगं माय, काय करलालीस? पाप लागतंय त्येला!"

"आजी, पाया पडत नाहीये. बॅबिन्स्की बघतेय."

"त्यो कोन आनि?"

तो पॅरिसचा डॉक्टर. तळव्यावर टाचेपासून करंगळीच्या कडेनं वर रेघ ओढली की धडधाकट माणसाचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून कण्यात उतरणाऱ्या मोठ्या वाटेवर कुठं बिघाड असेल तर वर उठतो, हे त्यानं १८९६ साली सांगितलं. वर्षाच्या आतल्या लेकराचा अंगठा वर उठला तरी चालतो, कारण त्याची वाट अजून कच्ची असते. माझा अंगठा खाली गेला नाही आणि वरही गेला नाही. मला गुदगुल्या झाल्या, मी पाय झटकला आणि तो आईनं निवडून ठेवलेल्या तुरीच्या डाळीच्या ताटाला लागला. भाचीनं वहीत लिहिलं, "निष्कर्ष काढता आला नाही." आईनं मात्र काढला. दोघांनाही संध्याकाळपर्यंत चहा मिळाला नाही.

ही २०२५ सालची गोष्ट. भाची मुंबईच्या एका सरकारी कॉलेजात न्यूरॉलॉजीचं डीएम करत होती. चार लेखी पेपर झाले होते, प्रात्यक्षिक पंधरवड्यावर आलं होतं. मुंबईत सरावाला पेशंट भरपूर, पण झोप नाही. म्हणून दहा दिवसांची रजा काढून ती उदगीरला आली. इथं झोप भरपूर, पण घरातली सातही माणसं निरोगी. तिच्या दृष्टीनं हा मोठाच तोटा.

मी मोंढ्यात मुनीम आहे. जन्मभर दुसऱ्याच्या पैशाचे हिशेब लिहिले, म्हणून एकदा हिच्या शिक्षणाचीही खतावणी मांडली. एमबीबीएस साडेपाच वर्षं. सरकारी बंधपत्राचं एक. पीजीच्या परीक्षेच्या तयारीचं एक. एमडी तीन. मग पुन्हा प्रवेशपरीक्षा, मग डीएम तीन. मधली किरकोळ थकबाकी धरली तर २०१० साली अठराव्या वर्षी घराबाहेर पडलेली पोर तेहतिसाव्या वर्षीही 'शिक्षण चालू' या सदरात. शेजारच्या काकूंनी आईला आडोशाला घेऊन विचारलं होतं, "पोरगी हुशार हाय म्हनता, मग पास कामून होईना?"

याचं उत्तर आमच्या किल्ल्याला विचारावं. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी इथं उदगिरास निजामाला लोळवलं. त्या यशामुळंच उत्तरेची मोहीम भाऊंच्या गळ्यात पडली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झालं. एक पेपर चांगला गेला की त्याहून मोठा पेपर अंगावर येतो, हे उदगीरकराला शिकवावं लागत नाही.

भाचीचं एक छोटं पानिपत २०२१ मध्येच व्हायचं होतं. डीएमला जायचं तर नीट-एसएस द्यावी लागते. दीडशे प्रश्न, अडीच तास, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. आमच्या मोंढ्यात एका मिनिटात 'रामराम'सुद्धा पुरता होत नाही. परीक्षा नोव्हेंबरात ठरलेली, आणि ऑगस्ट संपता संपता कळलं की प्रश्नांची वाटणीच बदलली. आधी साठ टक्के प्रश्न ज्या शाखेत जायचं तिच्यातले आणि चाळीस टक्के मूळ विषयातले असत. आता म्हणे सगळे मूळ विषयातलेच. तूर पेरून फुलोऱ्यात आली आणि कुणी येऊन सांगितलं, यंदा फक्त सोयाबीन घेणार! पोरं सुप्रीम कोर्टात गेली. तरुण डॉक्टरांचा फुटबॉल करू नका, असं कोर्टानं सरकारला सुनावलं, आणि त्या वर्षापुरता जुना नमुना राहिला. परीक्षा जानेवारी २०२२ मध्ये झाली. पुढं एप्रिलात आमच्या गावात ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष भारत सासणे. प्रवेशाचा पेढाही त्याच सुमारास घरात आला. गावातली गर्दी, कमानी, ग्रंथदिंडी बघून आमचे आबा दारात उभे राहून सगळ्यांना हात जोडत होते. त्यांची समजूत कोणी दुरुस्त केली नाही.

असो. मुद्दा न्यूरॉलॉजीचा. त्याचा गाभा भाचीनं मला एका वाक्यात सांगितला: आधी जागा, मग रोग. म्हणजे हाताला जोर नाही असं कुणी म्हणालं, की लगेच कशानं ते बोलायचं नाही. आधी कुठं ते ठरवायचं. मेंदूच्या सालीत, खोल गाभ्यात, देठात, कण्यात, नसेत, नस आणि स्नायूच्या सांध्यात, का स्नायूतच? मी माझ्या वहीत लिहून घेतलं: आधी पत्ता, मग पाव्हणा.

"बरोबर," ती म्हणाली, "आणि पाव्हणा कसा आला यावरून कोण ते कळतं. धाडकन दार ढकलून आला तर बहुधा रक्तवाहिनीचा मामला. दोन-चार दिवसांत सामान हलवत आला तर जंतू किंवा सूज. आणि महिनोन्महिने एकेक खोली बळकावत गेला तर गाठ."

"म्हणजे कूळ."

"कूळच म्हण."

शरीराचा कारभार तलाठ्याच्या दप्तराहून गुंतागुंतीचा आहे, हेही मला त्याच रात्री कळलं. उजव्या हाताचा सातबारा डाव्या मेंदूत. फेरफार होतो मानेच्या जरा वर, मेंदूच्या देठात. तिथं बहुतेक तंतू बाजू बदलतात. पण दुखण्याची आणि गरम-थंडाची खबर कण्यात शिरल्या शिरल्याच पलीकडं जाते. त्यामुळं कण्याची एकच बाजू कापली गेली तर जोर जातो एका पायाचा आणि चटका कळत नाही दुसऱ्या पायाला. हे ऐकून आबा म्हणाले, "वाटणीपत्र असंच झालंय आपलं. जमीन माझी, वाट त्येची."

तर या विद्येत पत्त्याला एवढा मान. आणि आमची माणसं पत्ता सोडून सगळं सांगतात. डॉक्टरनं विचारायचं, त्रास केव्हापासून? आम्ही सांगणार, सोयाबीन काढायला होतं तेव्हा. कुठलं सोयाबीन? ते धाकट्या जावयाचं भांडण झालं त्या सालचं. काय होतंय? "शिरंवर शीर चढलीय", "डोस्कं भिरभिर करलालंय", "अंगावरून वारं गेलंय", "मुंग्या येलाल्यात". यातलं चक्कर कोणतं, तोल जाणं कोणतं, बधिरपण कोणतं आणि नुसता कंटाळा कोणता, हे वेगळं काढणं म्हणजे चाळणीशिवाय तूर आणि खडे वेगळे करणं. परीक्षेत या सगळ्याला तासाभराच्या आत बसवायचं, तपासायचं आणि परीक्षकापुढं गाळून मांडायचं. तिच्या सरावात माझं मांडलेलं रूप असं: "अठ्ठावन्न वर्षांचे, उजखोरे, व्यवसायानं मुनीम असलेले गृहस्थ, कोणतीही तक्रार नसताना आणले गेले आहेत." उजखोरा का डावखोरा हे पहिल्याच वाक्यात यावं लागतं, कारण बोलण्याचं केंद्र कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज त्यावरून बांधतात. 'तक्रार नसताना' हे मात्र तिनं आमच्या मंडळींना विचारून लिहायला हवं होतं.

तिची परीक्षेची पेटी हा सुताराच्या आणि वैदूच्या पेटीमधला प्रकार. लांब दांड्याला रबरी कडेचं चाक बसवलेला हातोडा. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या जुन्या इस्पितळावरून त्याला नाव पडलंय. लाल डोक्याची टाचणी, कापूस, टॉर्च, टेप, दोन काचनळ्या, वासाच्या बाटल्या, नाणी. आणि १२८ कंपनांचा स्वरकाटा. तो घोट्याच्या हाडावर टेकवून विचारायचं, थरथर जाणवते का, थांबली केव्हा? शेजारचे भजनी बुवा पेटीवाले. त्यांना काटा दिसल्यावर घोट्याशी त्यांना कर्तव्य उरलं नाही. कानाशी धरून म्हणाले, "पांढरी एकच, पन जरा उतरलीय." भाचीला हसू आलं. नंतर मोबाईलवर हिशेब करून बघितला, तर पेटीतला खर्जातला तो सूर १३१ च्या आसपास निघाला. बुवांचा कान शाबूत असल्याची नोंद झाली. घोट्याची राहिली.

वासाच्या बाटल्यांत नियमानं कॉफी असते. आमच्या घरात कॉफी नव्हती, म्हणून मंडळींनी काळा मसाला पुढं केला. भाची म्हणाली, नको, तिखट झोंबणारं चालत नाही. ते नाकातल्या वासाच्या नसेला कळायच्या आधी चेहऱ्याच्या पाचव्या नसेला कळतं आणि परीक्षकाकडून शिव्या बसतात. मग हिंग. आईनं डोळे मिटून, एकेक नाकपुडी दाबून हिंग ओळखला, शिवाय तो बांधानी आहे, जुना आहे आणि सुनेनं डबीचं झाकण नीट लावलेलं नाही, एवढं निदान केलं. पहिली नस उत्तम. घरातलं वातावरण बिघडलं.

नाण्यांचा प्रयोग मोंढ्यातल्या एका मापाड्यावर झाला. डोळे मिटून हातातली वस्तू ओळखायची. मेंदूच्या वरच्या मागच्या भागात बिघाड असला तर स्पर्श कळतो, पण वस्तू कोणती ते कळत नाही. एक आणि दोनच्या नव्या नाण्यांत तो चुकला, पण त्यात तर आम्ही डोळे उघडे ठेवूनही चुकतो. तिसरं नाणं हातात पडताच त्यानं न बघता परत केलं: "धाचं हाय. चालत न्हाई."

मला सगळ्यात आवडला तो गर्स्टमान. व्हिएन्नाचा डॉक्टर. १९२४ साली त्याला एक बाई आढळली, जिला स्वतःचीच बोटं ओळखता येत नव्हती. पुढं त्यानं चार गोष्टींची मोट बांधली: बोटं ओळखू न येणं, हिशेब न येणं, लिहिता न येणं, डावं-उजवं न कळणं. डाव्या मेंदूत, कानाच्या वर-मागं एका चतकोर जागेत बिघाड झाला की या चारही गोष्टी एकदम जाऊ शकतात. ऐकून मला घामच फुटला. बोटं, हिशेब, लिखाण आणि डावी-उजवी बाजू, म्हणजे जमा आणि नावे: हे तर मुनिमाचं अख्खं भांडवल! ते सगळं एकाच गोदामात ठेवलेलं, आणि विमा नाही. देवणीकडच्या जनावरांच्या बाजारात जुने दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करायचे, शब्द न बोलता बैलजोडीचा भाव ठरायचा. तो बाजार सगळाच्या सगळा त्या चतकोर जागेत भरत होता म्हणायचा.

मग शंभरातून सात वजा करत जाण्याची परीक्षा झाली. मी थेट दोनपर्यंत आलो आणि दोन रुपये कुणाच्या नावे टाकू म्हणून विचारलं. आईला तारीख विचारली तर म्हणाली, मृग निघालाय, अजून थेंब न्हाई. महिना, पक्ष, नक्षत्र सगळं अचूक, फक्त इंग्रजी तारीख ठाऊक नाही. १९७५ सालच्या अमेरिकी प्रश्नावलीप्रमाणं तिचा गुण कापला जायचा होता. भाचीनं कापला नाही. निरक्षर म्हाताऱ्यांवर असा अन्याय होऊ नये म्हणून हरियाणातल्या बल्लभगढला वेगळी हिंदी प्रश्नावली तयार झाली होती, असं ती म्हणाली. त्यात मृग आहे का, हे मी विचारलं नाही.

आबांचा प्रश्न आणखी अवघड. वय ८९. शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दू माध्यमाची. आजोळ बिदरकडचं, कानडी. संसार मराठीत. पाढे उर्दूत म्हणतात, हिशेब मराठीत सांगतात आणि राग कानडीत येतो. पक्षाघातानं वाचा गेली तर अशा माणसाची कुठली भाषा आधी परत येईल? भाचीनं दोन फ्रेंचांची दोन मतं सांगितली. रिबो म्हणाला, सगळ्यात आधी शिकलेली. पित्र म्हणाला, सगळ्यात जास्त वापरातली. घरात दोन तट पडले. आबा शांतपणे ऐकत होते. शेवटी भाचीनं सांगितलं की वाचा गेलेल्या माणसाच्याही तोंडून शिव्या पुष्कळदा स्पष्ट येतात, कारण त्यांचा मार्ग वेगळा असतो. तेव्हा आबांचा चेहरा उजळला. "मंग कानडी," ते म्हणाले, आणि वाद मिटला.

दहा दिवस असं ऐकल्यावर माणसाचं काय होतं, ते सांगायला हवं. त्याला सगळीकडं खुणाच दिसतात. एका सकाळी मोंढ्यात एक हमाल माझ्यापुढं उभा राहिला. डावा गाल फुगलेला, ओठ एकीकडं ओढलेला, बोलणं बोबडं. माझ्या काळजाचा ठोका चुकला. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, आणि घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा धड दिसला त्या क्षणापासून, हे मला पाठ होतं. मी ओरडलो, "ह्याला धड शेवटी कुणी बगितला?" पोत्यांवरून चार माणसं उतरली. कुणी म्हणालं रात्री, कुणी म्हणालं लग्नाआधी. मी मालकाला सांगून लातूरला न्यायला जीप काढायला लावली. हमालाला म्हटलं, दात दाखव. त्यानं हात वर केला, बाजूला गेला, भिंतीकडं वळून पचकन थुंकला आणि परत आला. चेहरा दोन्हीकडं सारखा. "तोबरा होता मालक," तो म्हणाला. "दात कामून दावू?"

भाचीला हे सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, जीप काढलीस ते बरोबर केलंस. नंतर मात्र भिंतीकडं तोंड करून बराच वेळ हसत होती.

तसं गावालाही मेंदूचं वेड लागून गेलं होतंच. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात जीबीएसची साथ आली. जुलाबाच्या जंतूशी लढायला निघालेलं शरीर स्वतःच्याच नसांवर हत्यार चालवतं, पाय लुळे पडतात आणि गुडघ्यावर हातोडा मारला तरी पाय उडत नाही. पुण्यात पोर शिकायला असलेल्या प्रत्येक घरात उदगीरला मुंग्या आल्या. त्यामुळं भाची घरी आल्याचं कळताच ओट्यावर रांग लागली. पाय लोंबते सोडून बसायचं, बोटांत बोटं अडकवून ओढायची (यानं उडी जास्त येते, हंगेरीच्या येंड्रासिकची युक्ती), ती हातोडा मारणार. पाय उडाला की घरी जा. एका दिवसात अडतीस गुडघे झाले. सराव म्हणून तिला तेच हवं होतं, पण अडतिसावा गुडघा उडाल्यावर ती निराश होऊन म्हणाली, "मामा, या गावात काहीच नाही."

वाडियांची नजर तिनं सगळ्यांवर चालवून बघितली, ती वेगळीच. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया. पिढ्यानपिढ्या तोल जाण्याच्या एका आजारात माणसाचे डोळे एका बोटावरून दुसऱ्या बोटावर झटकन उडी मारत नाहीत, सावकाश सरकतात, हे त्यांनी १९७१ साली दाखवून दिलं. मुंबईच्या परीक्षेत हे कधीही विचारतील म्हणून रोज रात्री जेवताना आम्ही तिच्या दोन बोटांकडं आळीपाळीनं बघत होतो. पाहुण्यांना वाटे, पोरगी जादू शिकलीय.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. 'लाँग केस' म्हणून, म्हणजे सविस्तर तपासून मांडायला, जो पेशंट मिळाला तो मुरलेला होता. असे काही पेशंट वर्षानुवर्षं परीक्षांना येतात. त्यांची खूण दुर्मिळ असते आणि तपासून घेण्याची सवय दांडगी. हातोडा काढायच्या आधीच त्यानं पाय लोंबते सोडले. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "मॅडम, मागच्या वेळी ज्यांनी डावीकडं सांगितलं, त्यांना सायबांनी बाहेर लई वेळ बसवलं होतं."

"मग तू काय सांगितलंस?"

"मी तपासून डावीकडंच सांगितलं. मला डावीकडंच वाटलं."

"आणि?"

"बाहेर लई वेळ बसवलं."

निकाल लागेपर्यंत घरात कुणी कुणाचा गुडघा उडवला नाही. निकाल लागला, पास झाली. भावजींनी आनंदाच्या भरात मोबाईलवर स्टेटस टाकलं: 'आमची कन्या डीएम झाली.' आणि तिथंच घोळ झाला. हिंदी बातम्या बघून बघून कलेक्टरला डीएम म्हणतात हे आता गावालाही माहीत आहे. ती घरी आली त्या दिवशी सकाळी पहिल्या पाहुण्यानं नारळ देऊन विचारलं, "जिल्हा कुठला भेटला?" दुसऱ्यानं पीकविम्याचं काढलं. तिसरा आमच्या आडतीचा जुना शेतकरी, साठी ओलांडलेला. कागदांची पिशवी घेऊन तो सोफ्याच्या कडेला बसला. सातबाऱ्यावर नाव चुकलंय, तीन वर्षं हेलपाटे चाललेत, तेवढं मॅडमनी बघावं. मी त्याला समजवायला तोंड उघडलं, तर भाचीनं खूण करून थांबवलं. मला वाटलं, आईच्या माहेरी आलेल्या माणसाचा मान राखतेय.

तिनं अर्ज हातात घेतला. त्यानं स्वतः लिहिलेला होता. 'मा. जिल्हाधिकारी साहेब' हे चांगलं ठसठशीत. पुढच्या ओळीपासून अक्षर बारीक होत गेलेलं, आणि सहीपर्यंत मुंग्यांची रांग. मी त्याच्या उजव्या हाताकडं बघितलं. मांडीवर ठेवलेला, अंगठा आणि बोट एकमेकांवर घोळत होते, तंबाखूची चिमूट फिरवावी तसे. चिमटीत तंबाखू नव्हती.

"काका," भाचीनं विचारलं, "घरात फोडणी पडली की वास येतो का?"

"दोन वर्सं झाली, येत न्हाई," तो म्हणाला. "त्येचं सोडा बाई. तुमी सातबाऱ्याचं तेवढं बगा."